जुनं बैठं घर: दुरुस्ती की नवं बांधकाम? पहिली कुदळ पडण्याआधी कागदावर काय काय हवं

कौलारू
उत्तरं मोघम राहू नयेत म्हणून एक घर समोर ठेवतो. बाहेरून ६ मीटर रुंद, ९ मीटर लांब. दगड-मातीच्या ४५ सेंटिमीटर जाड भिंती. मधोमध आढं (छपराचा सगळ्यात उंच कणा), दोन्हीकडे ३० अंशांची पाखी (छपराच्या उतरत्या बाजू), वर कौलं. फरशीपासून भिंतीची उंची २.७ मीटर. जोतं, म्हणजे जमिनीपासून फरशीची उंची, जेमतेम १५ सेंटिमीटर. वळचण भिंतीबाहेर ६० सेंटिमीटर. संडास-न्हाणी सध्या बाहेर आहे, ती आत घ्यायची. पुढच्या लांब बाजूला १.८ मीटरची पडवी आणि वर झोपता येईल असा माळा हवा.

दोन प्रश्न आहेत. काम सुरू होण्याआधी काय काय ठरवायचं आणि कुठल्या क्रमाने? आणि मुळात जुनं ठेवायचं की पाडायचं, हे कशावरून ठरवायचं?

माझं मत असं की सगळ्यात आधी खोल्यांची मांडणी पक्की व्हावी. कामं रखडतात ती मध्येच मांडणी बदलल्यामुळे. मांडणी ठरली की बाकीचं तिच्या मागे येतं.

ओळंबा
क्रमाबद्दल असहमत. मांडणी ज्यावर काढणार तो कागद आधी खरा हवा. जुनं घर कधीच काटकोनात नसतं. बाहेरून दोन्ही कर्ण मोजा. ६ बाय ९ ला कर्ण १०.८२ मीटर यायला हवा. दोन कर्णांत दहा-पंधरा सेंटिमीटर फरक निघाला तर आतल्या फरशीपासून छपरापर्यंत सगळीकडे तो फरक पुरवावा लागतो, आणि तो कुठे मुरवायचा हे कागदावरच ठरवलेलं बरं.

मग पातळ्या. जागेवर न हलणारी एक खूण पक्की करा, मोठा रुतलेला दगड चालेल. तिला १०.०० धरा आणि पुढची प्रत्येक उंची तिच्यापासून मोजा: घराचे चारही कोपरे, फरशी, उंबरा, आवार, रस्ता, पाणी बाहेर जातं ती जागा. पारदर्शक नळीत पाणी भरून हे नीट होतं, फक्त नळीत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. एक बुडबुडा दोन-तीन सेंटिमीटरची चूक सहज दाखवतो.

तिसरी नोंद ओळंब्याची, म्हणजे दोरीला टांगलेल्या वजनाची. दर दोन मीटरवर भिंतीला ओळंबा लावून वर, मध्ये आणि खाली किती अंतर पडतं ते लिहा. वरचं टोक बाहेर गेलेलं दिसलं तर छपराचा रेटा भिंतीवर येतोय. मधेच फुगलेली दिसली तर भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटलेत. दोन्हींचे उपाय वेगळे.

दगडीचिरा
ओळंबा +१. भिंतीच्या तडांचीही नोंद करा. प्रत्येक तडेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ आणि तारीख. तडेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंनी चिकटवा. काच तडकली की भिंत अजून हलतेय. हे निदान एक पावसाळा आणि एक कोरडा ऋतू बघायला हवं, कारण चिकणमातीवरचं घर पाण्याबरोबर वर-खाली होतं. एकाच ऋतूत बघितलं तर निदान चुकतं.

५ मिलिमीटरपर्यंतची तड बहुतेक वेळा भरून निघते. त्याहून रुंद असेल, किंवा वर रुंद आणि खाली निमुळती असेल, तर पाया बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. भिंतीलगत एक-दोन ठिकाणी खड्डा घेऊन पाया किती खोल आहे, किती रुंद आहे आणि कशावर बसलाय ते उघडून बघा.

लाकूड टोच्याने तपासा. वासा मधे ठणठणीत असतो, कुजतं ते भिंतीत घुसलेलं टोक. तिथलं थोडं प्लास्टर काढून टोच्या लावा. सहज आत गेला तर टोक गेलं. ओलावा २० टक्क्यांच्या खाली असेल तर लाकडाला कूज धरत नाही, म्हणून नुसता वासा बदलून भागत नाही, ते टोक कोरडं राहील अशी सोयही करावी लागते.

पागोळी
रुमाल टाकून ठेवते. पावसाच्या पाण्यावर सविस्तर लिहायचंय.

निचरा
मांडणीआधी पाणी. त्यातही सांडपाणी आधी, कारण ते फक्त उतारावरून जातं आणि त्याला आपली मांडणी कळत नाही.

याच घरावर हिशोब करू. समजा संडास घराच्या एका टोकाला आणि सेप्टिक टाकी दुसऱ्या टोकाला, मध्ये १४ मीटर पाइप. १०० मिलिमीटरच्या पाइपला १:६० उतार दिला तर १४ मीटरला २३ सेंटिमीटर. संडासाच्या भांड्याखाली पाइपचा तळ फरशीपासून साधारण ४० सेंटिमीटर खाली असतो. म्हणजे टाकीत शिरताना पाइप फरशीखाली ६३ सेंटिमीटरवर. जोतं १५ सेंटिमीटरचं, म्हणजे जमिनीखाली ४८. टाकीचा बाहेर जाणारा पाइप आत येणाऱ्यापेक्षा ५ ते ७ सेंटिमीटर खाली, म्हणजे ५५ च्या आसपास. शोषचर (टाकीतून आलेलं पाणी जमिनीत जिरवणारी चर) याच्याही खाली. जमीन त्या बाजूला उतरत असेल तर काही अडचण नाही. चढत असेल तर चर इतकी खोल जाते की पावसाळ्यात भूजलच तिच्यात चढतं, आणि मग संडासाचं पाणी उतरत नाही.

म्हणून आधी जमिनीची पाणी जिरवण्याची ताकद बघा. पाइप ज्या खोलीवर येणार त्याच्या खाली ३० सेंटिमीटर लांब-रुंद-खोल खड्डा घ्या. पाण्याने भरून रात्रभर जिरू द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा. तीन चतुर्थांश पातळीपासून एक चतुर्थांश पातळीपर्यंत उतरायला किती सेकंद लागले ते मोजा आणि १५० ने भागा. येणारा आकडा म्हणजे एक मिलिमीटर उतरायला लागणारे सेकंद. १५ ते १०० च्या मध्ये असेल तर शोषचर चालते. कमी आला तर पाणी न गाळताच भूजलात जातं, जास्त आला तर जिरतच नाही. दोन-तीन खड्डे घेऊन सरासरी काढा. भर पावसात किंवा कडक उन्हाळ्यात हे करू नका.

टाकी चार माणसांपर्यंत २७०० लिटर, पुढे दर माणशी १८० लिटर धरावी. विहिरीपासून शोषचर किमान ३० मीटर दूर असावी. तुमच्या भागातला नियम जास्त अंतर सांगत असेल तर तो पाळा.

उंबरा
निचरा यांचा हिशोब वाचून कुणी म्हणेल, जोतंच उचलू, ४५ सेंटिमीटर करू. नव्या घरात जरूर करा. जुन्या घरात फरशी ३० सेंटिमीटर वर घेतली तर २.७ ची उंची २.४ होते. ते चालेल, पण २ मीटरचे दरवाजे १.७ होतात. म्हणजे प्रत्येक दाराची वरची पट्टी काढून उंच बसवायची, आणि दगड-मातीच्या भिंतीत हे सगळ्यात जोखमीचं काम. खिडक्यांचे कट्टेही ३० सेंटिमीटरने बसके होतात, ९० चा कट्टा ६० वर येतो.

त्यापेक्षा संडास टाकीच्या बाजूला न्या. १४ मीटरचे ४ मीटर झाले की २३ सेंटिमीटरचे ७ होतात, जोत्याला हात लावावा लागत नाही.

कौलारू
@निचरा, @उंबरा, हे पटलं. म्हणजे संडासाची जागा उतार ठरवतो आणि खोल्यांची मांडणी तिच्याभोवती होते. पण मग गरम पाण्याचं काय? न्हाणी एका टोकाला आणि स्वयंपाकघर दुसऱ्या टोकाला राहतं.

निचरा
@कौलारू, म्हणूनच ओल्या खोल्या एकमेकींना पाठ लावून घ्यायच्या. आतून १५ मिलिमीटरचा पाइप एका मीटरला सुमारे १८० मिलिलिटर पाणी धरतो. गिझर ते नळ १२ मीटर असेल तर दर वेळी दोन लिटरहून जास्त गार पाणी सोडल्यावर गरम येणार. ३ मीटरवर आणलं तर अर्धा लिटर. शिवाय एकाच भिंतीत पाइप आले की गळती शोधायला एकच भिंत उघडावी लागते. त्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाला प्रत्येक वळणावर तपासणी चेंबर द्या. चेंबर नसलेलं वळण पुढे हमखास तुंबतं, आणि ते फरशीखाली असेल तर फरशीच फोडावी लागते.

रंधा
आता माळा आणि पडवी. ही दोन्ही लाकडाची गणितं आहेत आणि या घरात दोन्ही जशीच्या तशी बसत नाहीत.

पडवी आधी. छपराचा तोच ३० अंशांचा उतार पुढे नेला तर दर मीटरला ५८ सेंटिमीटर खाली येतो. १.८ मीटरला १.०४ मीटर. भिंत २.७ वर, म्हणजे पडवीचं बाहेरचं टोक १.६६ वर. माणसाच्या कपाळावर. उतार मोडून १५ अंश केला तर टोक २.२२ वर येतं, पण १५ अंशांवर नुसती कौलं पाणी धरत नाहीत, वाऱ्याने पाणी उलटं चढतं. म्हणून खाली पत्रा आणि वर कौलं, किंवा पडवीला सरळ पत्रा. उतार जिथे मोडतो तिथे वरच्या कौलाखाली पत्र्याची पट्टी निदान १५ सेंटिमीटर आत सरकलेली हवी.

आता माळा. ३० अंशांवर आढं भिंतीच्या डोक्यापासून १.७३ मीटर वर. त्यातून माळ्याच्या तक्तपोशीची (फळ्यांची) आणि वाशांची जाडी गेली की मधोमधसुद्धा ताठ उभं राहता येत नाही. पाखं ४५ अंशांचं केलं तर आढं ३ मीटर वर जातं. तेव्हाही २ मीटर उंची मिळते ती आढ्याखालच्या दोन मीटर रुंद पट्ट्यात, आणि जाडी वजा केल्यावर दीड मीटरच्या आसपास. वासा ४.१६ मीटरचा होता तो ५.०९ मीटरचा होतो, कौलं बावीस टक्के वाढतात.

जिना धरला की आणखी अडचण. २.७ मीटर चढायला १८ सेंटिमीटरच्या १५ चढी, २६ सेंटिमीटरच्या १४ पायऱ्या, म्हणजे ३.६४ मीटर लांबी. डोक्यावर २ मीटर मोकळं राहायला माळ्याला सुमारे ३.१ मीटर लांब भगदाड ठेवावं लागतं. जिना वर पोहोचतो तिथे उभं राहायला हवं, म्हणून हे भगदाड त्याच मधल्या पट्ट्यात येतं. दीड मीटरच्या पट्ट्यातले ९० सेंटिमीटर जिन्याने खाल्ले, उरलं काय?

ठसा
@रंधा, छपराला हात न लावता भिंतीच एक मीटर उंच केल्या तर? विटांची २३ सेंटिमीटरची भिंत वर चढवायची.

ओळंबा
@ठसा, वजन काढून बघा. ३० मीटर परीघ, १ मीटर उंची, २३ सेंटिमीटर जाडी म्हणजे ६.९ घनमीटर. वीटकाम घनमीटरला साधारण १.९ टन. सुमारे १३ टन नवं वजन मातीच्या जोडणीतल्या दगडी भिंतीवर. आणि वजनापेक्षा वाईट म्हणजे छपराचा आडवा रेटा आता एक मीटर आणखी उंचावरून ढकलणार. खालच्या भिंतीच्या डोक्यावर सलग काँक्रीटचा पट्टा बांधल्याशिवाय हे करूच नये, आणि पाया सोसणार आहे का हे इंजिनियरने हिशोबाने सांगितल्याशिवाय तर नाहीच.

रंधा
आडव्या रेट्याचा मुद्दा निघालाच आहे तर: माळ्यावर वावरायला अडचण होते म्हणून भिंतीपासून भिंतीपर्यंतची जुनी तुळई कापतात. वाशांचे पाय एकमेकांकडे ओढून धरणारी तीच असते. ती गेली की वासे फाकतात आणि भिंती बाहेर झुकतात. वर आढ्याजवळ छोटी आडवी पट्टी मारून तिची भरपाई होत नाही. माळ्याचेच आडवे वासे रुंदीच्या दिशेने घालून प्रत्येक छपरी वाशाच्या पायाला बोल्टाने जोडले तर ते तुळईचं काम करतात. पण आतली रुंदी ५.१ मीटर आहे. तेवढ्या गाळ्यात एकसंध लाकूड झोल खातं, मधे आधार लागतो, म्हणजे खालच्या मजल्यावर मधोमध भिंत किंवा खांब. परत मांडणी बदलली!

कौलारू
माळा इतका महाग पडेल असं वाटलं नव्हतं. मग आरसीसीचे खांब आतून उभे करून जुन्या भिंतींवरचा भारच काढून घेतला तर?

दगडीचिरा
करतात तसं, पण खांबाचा खड्डा जुन्या पायाला लागून येतो. जुना पाया ६० सेंटिमीटर खोल असेल आणि तुम्ही शेजारी दीड मीटर खणलं तर जुन्या पायाखालची माती बाजूने मोकळी होते आणि भिंत खड्ड्यात सरकते. एकतर खड्डा भिंतीपासून आत सरकवा, म्हणजे खोली लहान होणार, नाहीतर भिंतीचा पाया एक-एक मीटरच्या तुकड्यांत, एक सोडून एक असा खोल न्या आणि एक तुकडा पक्का झाल्यावरच शेजारचा उघडा. हे काम घाईचं नाही आणि ज्याने आधी केलेलं नाही त्याला देऊ नये.

पांढरीमाती
प्लास्टरवर कुणीच बोललं नाही. दगड-मातीच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर हा सगळ्यात मोठा घात. भिंत जमिनीतून ओल ओढते आणि पृष्ठभागातून सोडते. सिमेंटने तोंड बंद केलं की ओल आत साठते, वर चढते, आतली माती मऊ होते आणि वाशांची टोकं भिजतात. चुन्याचा गिलावा करा, वर चुन्याचाच रंग.

ठसा
सिमेंटचं प्लास्टर केलेली कितीतरी जुनी घरं उभी आहेत की. चुना वाळायला वेळ लागतो, करणारे मिळत नाहीत, पावसाच्या माऱ्यात धुपतो. बाहेरून सिमेंट, आतून चुना, हा मधला मार्ग का नको?

पांढरीमाती
@ठसा, कारण मग ओल सगळी घराच्या आत येणार. कारागीर मिळत नाहीत आणि वेळ लागतो हे दोन्ही खरं, म्हणून तर ते आधी ठरवायचं. चुन्याचे थर पातळ द्यायचे, एक थर नीट धरल्यावर पुढचा, आणि कडक ऊन-वाऱ्यापासून ओल्या गोणपाटाने झाकायचे. वेळापत्रकात तेवढे आठवडे मोकळे ठेवा. पावसाच्या माऱ्यावर उपाय प्लास्टरमध्ये शोधू नका, वळचण रुंद ठेवा.

आणि ओल कमी करायचा खरा उपाय बाहेर आहे. वर्षानुवर्षं साचून अंगणाची माती वर येते आणि जोतं गाडलं जातं. ती उतरवून बाहेरची जमीन फरशीपेक्षा निदान १५ सेंटिमीटर खाली आणा. भिंतीला चिकटून काँक्रीटचा ओटा करू नका, त्याखालची ओल भिंतीतच चढते. खडीची उथळ चर करा, तिचा तळ पायाच्या तळाखाली जाऊ देऊ नका.

पागोळी
आता पाऊस. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. या छपराचं आडवं माप वळचणीसकट ७.२ बाय १०.२, म्हणजे ७३ चौरस मीटर. तासाला ७५ मिलिमीटरची सर आली तर मिनिटाला सुमारे ९२ लिटर, प्रत्येक पाख्याला ४६. पन्हळ (वळचणीखाली पाणी झेलणारी नाळ) याच आकड्यावर निवडायची. तिला दहा मीटरला ३ ते ५ सेंटिमीटर उतार पुरतो. जास्त दिला तर पन्हळीचं एक टोक कौलापासून इतकं खाली जातं की जोराच्या सरीत पाणी तिला ओलांडून पलीकडे पडतं.

आणि त्या खाली आलेल्या पाण्याला जायची जागा हवी. ते शोषचरीच्या अंगावर सोडू नका. पागोळ्यांचं पाणी आणि सांडपाणी, दोन्ही नकाशावर वेगळ्या रंगांनी काढा. रेघा कुठे एकमेकींना छेदतात ते तेव्हाच कळतं.

किरण_उतरती
पाऊस आला, ऊनही येऊ द्या. विषुवदिनी दुपारी सूर्याची उंची म्हणजे ९० वजा अक्षांश. ऐन उन्हाळ्यात त्यात २३.५ मिळवा (बेरीज ९० च्या वर गेली तर सूर्य उत्तरेकडे झुकलेला), ऐन हिवाळ्यात वजा करा. उदाहरणार्थ २० उत्तर अक्षांशावर विषुवदिनी ७० अंश, ऐन हिवाळ्यात ४६.५. वळचणीचं टोक २.३५ मीटरवर, भिंतीबाहेर ६०. दक्षिणेच्या भिंतीवर विषुवदिनी सावली टोकापासून १.६५ मीटर खाली उतरते, म्हणजे ९० च्या कट्ट्याची खिडकी पूर्ण सावलीत. हिवाळ्यात सावली फक्त ६३ सेंटिमीटर, म्हणजे खिडकीचा १.७२ खालचा भाग उन्हात. म्हणजे वळचण आहे तीच बरोबर आहे, कापू नका!

पूर्व-पश्चिमेला हा हिशोब चालत नाही. तिथे ऊन तिरकं येतं, कितीही छज्जा काढला तरी. तिथे पडवी, झडपा किंवा झाड.

उंबरा
झाडावरून: आवारातलं मोठं झाड ठेवायचं असेल तर खोडाच्या व्यासाच्या बारा पट त्रिज्येचं वर्तुळ फक्कीने आखा आणि त्यात खणू नका, वाळू-खडीचे ढीग टाकू नका, ट्रक जाऊ देऊ नका. ४० सेंटिमीटर खोडाला ४.८ मीटर. पाइपची चर नेमकी तिथूनच काढायचा मोह होतो.

तारजोड
विजेचं आणि नळाचं: खोलीचा नुसता वरून दिसणारा नकाशा पुरत नाही. प्रत्येक भिंतीचं समोरून दिसणारं चित्र काढा, त्यावर फरशीपासूनच्या उंचीसकट प्रत्येक बोर्ड, नळ, कपाट, पलंगाचं डोकं. दाराच्या बिजागरीच्या बाजूला दिव्याचं बटण येतं ते अशा चित्रात लगेच दिसतं, वरच्या नकाशात दिसत नाही. पंपाला स्वतंत्र लाइन, स्वयंपाकघराला स्वतंत्र, अर्थिंगचा खड्डा आत्ताच नकाशावर.

प्लास्टरआधी नळाची लाइन नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाबावर तपासा, आणि प्रत्येक भिंतीचा फोटो काढा. फोटोत मोजपट्टी उघडी धरलेली हवी, नाहीतर पाइप कोपऱ्यापासून किती अंतरावर होता हे पुढे कळत नाही.

दगडी भिंतीत आडव्या खाचा मारू देऊ नका. पाइप भिंतीवरून उघडे न्या किंवा जोत्यालगत लाकडी पेटीतून.

दगडीचिरा
तोडफोडीबद्दल एक गंभीर सूचना. जुन्या घराला कुठे सिमेंटचे जुने पत्रे, पाइप, टाकी असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस आहे असं समजूनच वागा, तपासणी होईपर्यंत. फोडायचे नाहीत, कापायचे नाहीत, घासायचे नाहीत. त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि आजार कित्येक वर्षांनी दिसतो. ते उतरवणं आणि विल्हेवाट हे जाणकाराचं काम, आणि ते बाकी कुठल्याही कामाच्या आधी. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून दारं-खिडक्या कोरड्या घासू नका.

मोजवही
करारावर दोन शब्द. "दुरुस्ती करून देणे" असा एकरकमी करार जुन्या घराला करू नका. भिंत उघडेपर्यंत आत काय आहे कुणालाच माहीत नसतं, म्हणून ठेकेदार एकतर फुगवून सांगतो किंवा कमी सांगून मग अडवतो. प्रत्येक कामाचं माप आणि दर वेगळा लिहा: खणणं घनमीटरने, गिलावा चौरस मीटरने, पाइप मीटरने, दारं नगाने. पैसे झालेल्या मापावर. वाढीव काम सुरू होण्याआधी लेखी, तारखेसकट. राखीव रक्कम नव्या बांधकामाला दहा टक्के, जुन्याला वीस. आणि शेवटचे पाच टक्के एक पावसाळा छपराखालून गेल्यावर द्यायचे, हे करारातच लिहा.

ठसा
@मोजवही, पटलं. मापाच्या याद्यांमध्ये एक भर घालतो: साहित्य जागेवर कसं येणार. सळई १२ मीटरची येते. वाटेत काटकोनी वळण असेल तर ती वळणार नाही, कापून किंवा दुमडून आणावी लागेल, ते आधी सांगा. सिमेंट महिनोन्‌महिने साठवू नका, तीन महिन्यांत त्याची ताकद चांगलीच उतरते. जमिनीपासून उंच फळ्यांवर आणि भिंतीपासून दूर रचा. भिंतींच्या डोक्यावर ओळंबा यांनी सांगितलेला पट्टा ३० बाय १५ सेंटिमीटरचा धरला तर ३० मीटरला १.३५ घनमीटर काँक्रीट. १:१.५:३ (सिमेंट, वाळू, खडी) ला सिमेंटच्या सुमारे ११ गोण्या, गोणीला २५ लिटरहून जास्त पाणी नको. हे एकाच दिवशी सलग ओतायचं, म्हणून सगळं साहित्य आदल्या दिवशी जागेवर हवं. पुढे निदान सात दिवस ओलं ठेवायचं, तेवढं पाणी कुठून येणार हेही बघा.

पागोळी
आणि छप्पर उघडायचा काळ. कौलं उतरवून वासे दुरुस्त होईपर्यंत मातीच्या भिंतींची डोकी उघडी असतात. एक अवकाळी सर भिंतीच्या गाभ्यात शिरली तर पुरे. ताडपत्री, तिला ताणायचे दोर आणि बांबू कौलं उतरवायच्या आधी जागेवर. दोन पाखी एकदम उघडू नका.

कौलारू
सगळ्यांचे आभार. आता मूळ दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. ठेवायचं की पाडायचं?

ओळंबा
माळा हवाच असेल तर पाडा. या रुंदीच्या आणि या भिंतींच्या घरात माळा नीट बसवायला छप्पर, पट्टा, जिना, मधला आधार, पाया सगळ्याला हात लागतो, जुन्यातलं उरतंच काय? माळा सोडला तर उलट. तडा स्थिर आहेत, झोक वाढत नाही, पाया घट्ट मातीवर आहे आणि बहुतेक वासे ठणठणीत आहेत, तर हे घर पाडायचं कारण नाही.

पण पाडण्याआधी परवानगीचे नियम वाचा. बऱ्याच ठिकाणी जुनं पाडलं की त्या जागेला नव्या बांधकामाचे नियम लागतात. सीमेपासून सोडायचं अंतर वाढलेलं असू शकतं, आणि मग ६ बाय ९ चं घर त्याच जागी पुन्हा बसतच नाही.

उंबरा
तिसरा पर्यायही आहे आणि मला तोच बरा वाटतो. जुनं घर कोरडं ठेवा: बसायच्या-झोपायच्या खोल्या. संडास, न्हाणी, स्वयंपाकघर टाकीच्या बाजूला वेगळ्या पायावर नवीन जोडा. ४ मीटरच्या पाइपचा हिशोब तिथे आपोआप बसतो. दारं रुंद, ९० सेंटिमीटर, न्हाणीचं दार बाहेर उघडणारं. जुन्या भिंतींना ना ओल, ना खाचा.

कौलारू
हे मनाला येतं. माळा सोडतो, त्याऐवजी जोडखोली थोडी मोठी करतो. मग मोजमाप, तडांची नोंद आणि जिरवण खड्डा आधी, उतार आणि पाण्याच्या रेघा मग, आणि मांडणी त्यानंतर. एकच शंका: जोडखोली लांब बाजूला घ्यावी की आढ्याच्या टोकाला, त्रिकोणी भिंतीकडे?

रंधा
त्रिकोणी भिंतीकडे. लांब बाजूला घेतलीत तर जुन्या पाख्याचं मिनिटाला ४६ लिटर पाणी नव्या छपरावर पडणार, आणि २.३५ मीटरवरच्या वळचणीखाली नवं छप्पर घुसवायला उंची उरत नाही. त्रिकोणी भिंतीकडे छपराचं पाणी येत नाही.

निचरा
आणि टाकी त्याच टोकाला येईल ना, हे १०.०० च्या खुणेवरून पातळी काढून आधी बघा.

दगडीचिरा
नवी भिंत जुन्या दगडात दात काढून गुंतवू नका. दोघांचे पाया वेगवेगळे बसणार. मध्ये २० ते २५ मिलिमीटरची सलग फट, पायापासून छपरापर्यंत. तिच्यात दबणारं भरण आणि वर एकाच बाजूला ठोकलेली झाकणपट्टी. फरशीतही तीच फट त्याच रेषेत.

रंधा
छपराच्या सांध्याला फ्लॅशिंगचा, म्हणजे सांध्यात पाणी शिरू न देणारा, पत्रा जुन्या भिंतीवर १५ सेंटिमीटर चढलेला हवा, आणि त्याची वरची कड झाकायला दुसरा पत्रा भिंतीतल्या २५ मिलिमीटर खाचेत, चुन्याने बुजवून. दोन्ही पत्रे एकमेकांना ठोकायचे नाहीत, नुसते एकावर एक. नवी खोली बसली की खालचा पत्रा तिच्याबरोबर खाली सरकतो आणि वरचा जागेवर राहतो.